आजीही नाचेल, नातही नाचेल: घरच्या कार्याला गाणी निवडताना

लग्न ठरलं की घरात याद्या सुरू होतात. पाहुण्यांची यादी, मानपानाची, साड्यांची, गुरुजींनी सांगितलेल्या सामानाची. जेवणाच्या बेताचा तर कीस पडतो. मधुमेहाच्या काकांसाठी काय ठेवायचं, लहान मुलांसाठी कमी तिखट काय, उपासाचं कोण, कांदा-लसूण न खाणारं कोण, हे सगळं महिनाभर आधी ठरतं. कारण पंगतीला बसलेलं कुणीही उपाशी उठू नये, ही आपली रीत आहे. गाण्यांची यादी मात्र सहसा कुणी करत नाही. ‘डीजेवाला आहे की, तो बघेल,’ एवढ्यावर विषय मिटतो.

मग हळदीच्या रात्री काय होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं आहे. सुरुवातीला मांडवात सगळे असतात. नवरीची मामी, आत्या, शेजारच्या काकू फेर धरतात, आजोबा खुर्चीत बसूनच टाळ्या वाजवतात, पोरं मधून मधून पळतात. आठ-दहा गाणी झाली की आवाज वाढतो आणि गाण्यांची जात बदलते. एखाद्या कडव्यात असं काही येतं, की मामी पदर सावरत बाजूला होते. काकू ‘जेवणाचं बघते’ म्हणून आत जातात. आजोबांना कुणीतरी घरी सोडून येतं. तासाभरात मांडवात उरतात ती फक्त विशीतली मुलं, आणि त्यांच्या पायात घुटमळणारी, त्या कडव्याचा प्रत्येक शब्द पाठ असलेली सहा-सात वर्षांची पोरं. कुणीही कुणाला ‘जा’ म्हटलेलं नसतं. गाण्यांनीच माणसं उठवलेली असतात.

म्हणून घरच्या कार्याला गाणी निवडताना पहिला प्रश्न ‘सध्या काय चालतंय’ हा नसावा. ‘या गाण्याला कोण उठून जाईल’ हा असावा. शब्दांचा सभ्यपणा हा त्या प्रश्नाचा एक भाग झाला. गाण्याची चाल, त्यावरची पावलं, आवाज, वेळ आणि गाण्यांचा क्रम हे सगळं त्यातच येतं. हा विचार सोपा आहे. त्यासाठी कुणावर बंदी घालावी लागत नाही की कुणाची मजा जात नाही. थोडी आधी बसून तयारी मात्र करावी लागते.

फेर धरायची जुनी रीत

सगळ्या वयाच्या माणसांनी एकत्र नाचावं कसं, हे आपल्याकडे नव्यानं शोधायची गरज नाही. आश्विनात घटस्थापनेनंतर जागोजागी भोंडला होतो. पाटावर हत्तीचं चित्र किंवा मूर्ती मांडायची, भोवती हात धरून फेर धरायचा आणि गाणी म्हणायची. पावलं इतकी सोपी, की चार वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी एकाच फेरात फिरू शकतात. गाण्यांची घडणही तशीच आहे. एक ओळ पुन्हा पुन्हा येते, कडव्यागणिक एखादा शब्द बदलतो, त्यामुळे ज्याला गाणं येत नाही त्यालाही दुसऱ्या कडव्यापर्यंत ते येऊ लागतं. शेवटी खिरापत ओळखायची, म्हणजे दमलेल्यांना बसायला निमित्त आणि मुलांना थांबून राहायला कारण. सासर-माहेराची थट्टा त्या गाण्यांत भरपूर आहे, टोमणेही आहेत. पण ते म्हणताना कुणाला मान खाली घालावी लागत नाही.

श्रावणातल्या मंगळागौरीचं तेच. फुगडी, झिम्मा, पिंगा, बसफुगडी, कोंबडा हे खेळ नीट पाहिले तर त्यांत एक हिशोब दिसतो. फुगडी दमवते, म्हणून ती दोघींची आणि थोडा वेळ. झिम्मा सगळ्यांचा आणि संथ. जिच्यात ताकद आहे तिनं बसफुगडी घालावी, जिचे गुडघे दुखतात तिनं टाळ्यांनी ताल धरावा आणि गाणं उचलावं. रात्रभराचा जागर पेलायचा तर हा चढ-उतार लागतोच. गाणारी आणि नाचणारी माणसं एकच, त्यामुळे कुणी दमलं की गाणंही आपोआप मंदावतं. यंत्राला हे कळत नाही. ते आपल्यालाच कळून घ्यावं लागतं.

डहाणू-जव्हारकडच्या वारली पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा वाजवणारा मध्ये असतो आणि एकमेकांना धरून केलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरते. तो सूर बदलेल तशी पावलं बदलतात. वारली चित्रांतला तो गोल वेटोळ्याचा नाच सगळ्यांना ठाऊक आहे. त्यात पुढे कोण, मागे कोण याला महत्त्व नाही. साखळी तुटू नये एवढंच बघायचं असतं.

लग्नातली गाणी तर मराठीत फारच जुनी. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं, म्हणजे बाईनं मराठीत रचलेल्या जुन्यात जुन्या कवितांमध्ये लग्नगीतं आहेत. रायगड-ठाण्याच्या आगरी समाजात धवळारीण आजही लग्नाच्या विधींना धवळे गाते. त्याच मांडवात रात्री डीजे लागतो. दोन्हींची जागा वेगळी, दोन्ही हवेत. पण धवळारणीचं गाणं चालू असताना बाहेर ‘साउंड चेक’ सुरू होतो, तेव्हा कार्याची आखणी कुणीच केलेली नाही हे दिसतं. अर्धा तास यंत्र बंद ठेवा, असं आधी सांगितलं तर कुठलाही डीजेवाला ऐकतो. सांगणारं कुणीतरी लागतं.

शब्दांचं काय करायचं

आता वादाच्या मुद्द्याकडे येऊ. ‘पूर्वी सगळं सोज्वळ होतं, आता बिघडलं’ हे म्हणणं खरं नाही. शिमग्याला काय बोललं जायचं, विहिणीला उद्देशून बायका काय गायच्या, तमाशाच्या बतावणीत काय चालायचं, हे जुन्या माणसांना विचारा. दादा कोंडके यांनी द्व्यर्थी विनोदावर मराठी चित्रपटगृहं वर्षानुवर्षं भरली. लावणीत शृंगार आहे आणि तो उघड आहे. ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणून महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलेल्या सुलोचना चव्हाण डोक्यावरून पदर घेऊन त्या शृंगाराचा ठसका असा लावायच्या, की घराघरांतल्या रेडिओवर त्या लावण्या मोकळेपणानं ऐकल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१२ मध्ये लावणी कलावंत यमुनाबाई वाईकर यांना मिळाली होती. शृंगार म्हणजे घाण, असं मराठी माणसानं कधी मानलेलं नाही.

मग रेघ कुठे ओढायची? मला वाटतं, थट्टा आणि अपमान यांच्या मधे. खट्याळ गाण्यात बाई बोलते, उलट उत्तर देते, नखरा तिचा असतो आणि मर्जीही तिचीच. अपमानाच्या गाण्यात ती बोलतच नाही. तिच्या अंगाचं वर्णन होतं, तिला ‘माल’ म्हटलं जातं, पाठलाग म्हणजे प्रेम असं सांगितलं जातं, नकार म्हणजे लाडीकपणा ठरतो. गेल्या काही वर्षांतल्या कित्येक हिंदी-पंजाबी रॅप गाण्यांत दारू, गाडी, बंदूक आणि मुलगी एकाच ओळीत येतात, चौघींची किंमत सारखीच. अशा गाण्यावर नवरीच्या धाकट्या बहिणीला नाचायला ओढलं जातं, तेव्हा तिच्या मनात काय येत असेल याचा विचार गाणं लावणाऱ्यानं केलेला नसतो.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहायला हवी. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सोसायटीच्या गणपतीत आठ-नऊ वर्षांच्या मुली ‘वाजले की बारा’वर नाचतात आणि पालक टाळ्या वाजवतात. ‘नटरंग’ हा २०१० सालचा चित्रपट, अजय-अतुल यांचं संगीत, बेला शेंडे यांचा आवाज. गाणं अव्वलच आहे. पण ते तमाशाच्या फडावरच्या जाणत्या बाईचं गाणं आहे, मोठ्या प्रेक्षकांसमोरचं. त्यातल्या डोळ्यांच्या इशाऱ्यांचा अर्थ त्या मुलीला कळत नाही आणि कळूही नये. तेच गाणं तिची आई आणि मावशी सादर करतील तर त्यात शोभा आहे. मुलीला नाचायचंच आहे तर मुलांसाठी केलेली गाणी आपल्याकडे आहेत. ‘देवबाप्पा’ या १९५३ सालच्या चित्रपटासाठी गदिमांनी लिहिलेलं, पु. ल. देशपांडे यांनी चाल दिलेलं आणि आशा भोसले यांनी गायलेलं ‘नाच रे मोरा’ अजून बालवाड्यांत नाचलं जातं. लेझमीच्या तालावर, शेतकरी गीतांवर, कोळीगीतांवर मुलं फार छान नाचतात. गाणं वाईट असतं असं नाही. कुणी नाचायचं, हे चुकतं.

चित्रपटातल्या गाण्यांना निदान सेन्सॉर बोर्डाची चाळणी असते. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्रातही सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे आले. पण थेट यूट्यूबवर येणाऱ्या गाण्यांना असं प्रमाणपत्र लागत नाही. त्याचा अर्थ ती सगळी वाईट असतात असा नाही. २०२४ मध्ये संजू राठोड यांच्या ‘गुलाबी साडी’नं लग्नाचे हॉल दणाणून सोडले. साडी नेसून नटलेली मुलगी ‘फोटो काढ’ म्हणते, एवढाच साधा विषय. चित्रपट नाही, मोठं नाव नाही, आणि तीन वर्षांच्या मुलीपासून आजीपर्यंत सगळ्यांनी त्यावर हात हलवले. म्हणजे शिक्का पाहून भागत नाही. गाणं ऐकावंच लागतं.

आणि ऐकायचं म्हणजे पूर्ण ऐकायचं. मूळ गाणं निर्मळ असतं, पण रीमिक्समध्ये मधेच एखादा रॅपचा तुकडा घुसवलेला असतो, नाहीतर शिवी मिसळलेली असते. नॉनस्टॉप मिक्समध्ये तर वीस गाणी एका फाइलमध्ये गुंडाळलेली, सतराव्यात काय आहे ते लावल्यावरच कळतं. हॉलमध्ये एलईडी पडदा असेल तर आणखी एक काळजी: गाणं चालण्याजोगं असलं तरी त्याचं चित्रीकरण तसं असेलच असं नाही. पडद्यावर नवरा-नवरीचे लहानपणीचे फोटो फिरवा, हा सर्वांत सोपा आणि सर्वांना आवडणारा उपाय.

कायद्याची बाजूही माहीत असावी. सार्वजनिक जागी किंवा तिच्याजवळ लोकांना त्रास होईल असं अश्लील गाणं म्हणणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम २९४ खाली येत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये आहे. पण घरच्या कार्यात पोलिसांची पाळी यायच्या आधीच घरच्यांनी लक्ष घालावं, यातच शहाणपण आहे.

शब्दांचा आणखी एक प्रकार आहे, त्याकडे फार कमी लक्ष जातं. आपल्या जातीचा, गावाचा, पुढाऱ्याचा डंका पिटताना दुसऱ्याला डिवचणारी गाणी. वरात दुसऱ्या आळीतून, दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळासमोरून जाताना मुद्दाम लावलेली गाणी. त्यांत एकही अश्लील शब्द नसतो, तरी ती कुटुंबाला शोभणारी नव्हेत. वरातीत आपले शेजारी, कामावरचे सहकारी, मुलांचे मित्र असतात. एखाद्या गाण्यामुळे त्यांना परकं वाटलं, तर त्यांना बोलावण्याला काही अर्थ राहत नाही.

पावलं कशी पडतात

शब्द स्वच्छ आहेत म्हणून गाण्यावर नाचता येतं असं नाही. संगीताच्या कार्यक्रमात भक्तिगीत लावलं की लोक हात जोडतात, नाचत नाहीत. नाचायला ताल लागतो, आणि ताल असा लागतो की तो अंगाला आधीपासून ठाऊक असावा.

कोळीगीतं यात अव्वल. त्यांचा झोका सहा मात्रांचा, होडीवर उभं राहिल्यासारखा. कमरेवर हात, एक पाऊल पुढे, एक मागे, वल्हं मारल्यासारखे हात. शिकवावं लागत नाही. शांता शेळके यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत आणि लता मंगेशकर-हेमंतकुमार यांच्या आवाजातलं ‘मी डोलकर’ हे त्यातलं घरंदाज रूप. वेसावकर मंडळींची गाणी हे त्यातलं मांडवातलं रूप. दोन्हींवर कोल्हापूरचा पाहुणा आणि नागपूरची वहिनी सारख्याच सहजतेनं नाचतात. गुजराती शेजाऱ्यांचा गरबाही याच सहा मात्रांच्या घराण्यातला. म्हणून कोळीगीतातून गरब्यात आणि गरब्यातून परत कोळीगीतात गेलं तरी कुणाची पावलं अडखळत नाहीत. वधू-वर दोन भाषांतले असतील तेव्हा ही गोष्ट फार उपयोगी पडते.

दुसरा ताल केरव्याचा, आठ मात्रांचा. आपली ढोलकी, हिंदी चित्रपटातली बहुतेक नाचाची गाणी आणि भांगडा सगळं याच्या जवळपास. केदार शिंदे यांच्या ‘जत्रा’तलं (२००६) ‘कोंबडी पळाली’ आठवा. आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांचा आवाज, अजय-अतुल यांची चाल. तीच चाल सहा वर्षांनी ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ झाली आणि देशभर वाजली. तरी घरच्या कार्यात आजही मूळ मराठी गाण्याला जास्त माणसं उठतात, कारण त्यातली गंमत घरगुती आहे. २०१६ च्या ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’चं यशही असंच. ते गाणं कुणा नटीला पाहण्यासाठी केलेलं नाही. पडद्यावर सगळी मुलं एकत्र उड्या मारतात, त्यात कसलेला नाचणारा कुणी नाही. ‘मला नाचता येत नाही’ ही सबब त्या गाण्यानं काढून घेतली.

नृत्य बसवणाऱ्यांचा अनुभव असा, की मिनिटाला १२० च्या आसपास ठोके असलेलं गाणं बहुतेकांना जमतं. झपाझप चालताना आपली पावलं साधारण याच गतीनं पडतात. त्याच्या बऱ्याच पुढे गेलं की साठीच्या वरची माणसं मागे पडतात. फार खाली आलं की लहान मुलं कंटाळतात. म्हणून तीन चढी गाणी झाली की एक मध्यम लावावं. ‘गंमत जंमत’मधलं (१९८७) किशोरकुमार आणि अनुराधा पौडवाल यांचं ‘अश्विनी ये ना’ सुरू झालं की पन्नाशीतली जोडपी हटकून उठतात, आणि आपल्या आईवडिलांना नाचताना बघून मुलांना जो आनंद होतो तो वेगळाच. अशी ‘जोडप्यांची’ दोन-तीन गाणी संध्याकाळच्या मधोमध ठेवावीत. सुरुवातीलाच लावली तर मंडळी संकोचतात, शेवटी लावली तर ती निघून गेलेली असतात.

गोव्याच्या लग्नातून शिकण्यासारखं

संध्याकाळ आखायची कशी, हे गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात पाहावं. तिथे रिसेप्शनला बहुधा जिवंत बँड असतो आणि माइकवर एक सूत्रधार. जोडपं आत येतं ते ठरलेल्या संचलनाच्या सुरावट्यांवर. मग टोस्ट, मग नवरा-नवरीचा पहिला वॉल्ट्झ. त्यानंतर आईवडील, मग करवल्या, मग सगळे, असं टप्प्याटप्प्यानं अंगण भरत जातं. मधे जाइव्ह, मधे संथ गाणी. आणि शेवटी शेवटी कोंकणी ‘मसाला’: ओळखीच्या कोंकणी गाण्यांची एकामागून एक गुंफण, ज्याला आजोबापासून शेंबड्या पोरापर्यंत सगळे उतरतात. लग्नाआधी नारळाच्या रसानं न्हाऊ घालण्याच्या ‘रोस’ विधीला बायका झोती गातात, ती गाणी वेगळी, नाचाची वेगळी. कुणाचं कधी, हे ठरलेलं.

जुन्या मांडोतही हाच विचार आहे. मांडो संथ, स्त्री-पुरुषांच्या समोरासमोरच्या रांगांचा. त्याच्या मागोमाग येतं ते चपळ दुल्पद. संथातून चपळाकडे, आणि तेही सगळ्यांना सोबत घेऊन. ख्रिस पेरी आणि लोर्ना यांच्या कोंकणी गाण्यांनी पुढे त्यात जॅझची नशा मिसळली. त्यांच्याच ‘नाचोंया कुंपासार’ या गाण्याचं नाव घेऊन बार्डरॉय बार्रेटो यांनी गोव्याच्या वादकांवर चित्रपट केला. मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन समाजात लग्नाआधी ‘उंबराचं पाणी’ आणायला वाजतगाजत विहिरीवर जातात, त्या मिरवणुकीतही सगळं घर असतं.

आपण यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सूत्रधार. तो बाहेरून आणायलाच हवा असं नाही. घरातला एखादा बोलका काका, एखादी धीट वहिनी माइक घेऊन उभी राहिली, ‘आता फक्त मामा-मामींचं गाणं’ असं म्हणाली, की लाजणारी माणसंही ओढली जातात. यंत्रावरून गाणी सुटत राहतात आणि कुणीच कुणाला बोलावत नाही, तेव्हा कार्यक्रम तरुणांच्या हाती जातो.

आवाज किती

नाचाच्या वर्तुळातून माणसं उठवणारं दुसरं मोठं कारण म्हणजे आवाज. सांगली-कोल्हापूर-साताऱ्याकडे ज्याला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात, त्या भिंतीएवढ्या साउंडसमोर गाणं कुठलंही असलं तरी आजीला बसवत नाही आणि तान्ह्या बाळाला झोपवत नाही.

आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास राहणं ही कानाची साधारण मर्यादा मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये करमणुकीच्या जागांसाठी मानक दिलं, त्यात १५ मिनिटांच्या सरासरीला १०० डेसिबल ही कमाल पातळी ठेवली आहे. फरशी आणि काचेच्या बंद हॉलमध्ये आवाज आपटून आणखी वाढतो. बरं, समोरच्या माणसाच्या कानात ओरडल्याशिवाय बोलता येत नसेल तर आवाज जास्त आहे, हे कळायला यंत्र लागत नाही. तरी हवंच असेल तर फोनवर आवाज मोजायची ॲप फुकट मिळतात.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले फार तर १५ दिवस सणासुदीसाठी बारापर्यंत सवलत देऊ शकतं, घरच्या हळदीसाठी नाही. म्हणजे नाचाची खरी वेळ संध्याकाळी सात ते दहा. हे बंधन कुटुंबाच्या सोयीचंच आहे. मुलं जागी असतात, आजी-आजोबांचं जेवण वेळेवर होतं, आणि शेजारच्या घरात परीक्षेला बसलेल्या मुलाचा तळतळाट घ्यावा लागत नाही.

साउंड मांडताना दोन गोष्टी सांगाव्यात. एक, स्पीकर ज्येष्ठांच्या खुर्च्यांपासून दूर आणि नाचाच्या जागेकडे तोंड करून ठेवावेत. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज सुमारे सहा डेसिबलनं उतरतो. दोन, बाजूला अशी एक खोली ठेवावी जिथे बाळंतीण, तान्ही मुलं आणि गप्पा मारायला बसलेली मंडळी निवांत राहतील. शक्य असेल तिथे सनई, संबळ, हलगी, बेंजो पार्टी किंवा ब्रास बँडला काही वेळ द्यावा. वाजवणारा समोरची माणसं पाहून वाजवतो. एखाद्या आजोबांनी हात वर केला की हलगीवाला त्यांच्यापुढे येऊन ताल धरतो, आणि ते थांबले की तोही थांबतो.

डीजेबरोबर अर्धा तास

डीजे चालवणाऱ्या मुलांशी बोललं की एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांना वाईट गाणी लावायची हौस नसते. समोर येऊन जो जास्त आरडाओरडा करतो त्याची फर्माईश ते लावतात, कारण घरच्यांनी दुसरं काही सांगितलेलंच नसतं. सुपारी देताना तारीख, पैसे, वाहनाचं भाडं ठरतं. गाण्यांबद्दल शब्द निघत नाही. म्हणून कार्याच्या आठवडाभर आधी त्याच्याबरोबर अर्धा तास बसावं. तीन याद्या पुरतात.

पहिली, ‘हवीच’ गाण्यांची. यात घरातल्या प्रत्येक पिढीचं एक तरी गाणं असावं. आजीला विचारा, ‘तुझ्या वेळचं कुठलं?’ दहा वर्षांच्या पुतण्याला विचारा, ‘तुझं आवडतं कुठलं?’ व्याह्यांकडून दोन गाणी मागवून घ्या. ते कानडी असतील, गुजराती असतील, बिहारी असतील; त्यांच्या भाषेतलं गाणं लागलं की परकेपणा कुठल्या कुठे जातो. परदेशी वाढलेली नातवंडं येणार असतील तर त्यांना येणारं एखादं इंग्रजी गाणंही असू द्यावं, आणि त्याचेही शब्द आधी वाचावेत. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांच्या गणपतीत आणि दिवाळीत उलट गरज असते: तिथल्या मुलांच्या कानावर मराठी ताल बहुधा नाचातूनच पहिल्यांदा पडतो, त्यामुळे तिथे लेझीम आणि कोळीगीत हवंच.

दुसरी, ‘नकोच’ गाण्यांची. ही नावानिशी लिहून द्यावी, ‘घाणेरडी नकोत’ असं मोघम सांगू नये. घाणेरडं म्हणजे काय, यावर मांडवात वाद घालता येत नाही. दुःखाच्या आठवणींची गाणीही यातच टाकावीत. एखाद्या घरात नुकताच कुणी गेलेला असतो आणि त्याचं आवडतं गाणं लागलं की बायका कोसळतात. हे डीजेला कळायचं कसं?

तिसरी, क्रमाची. पहिल्या अर्ध्या तासात पाहुणे येत असताना वाद्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीतं, बोलणं ऐकू येईल अशा आवाजात. मग लहान मुलांची तीन-चार गाणी, कारण ती साडेआठला पेंगायला लागतात. मग कोळीगीतं, गरबा, सगळ्यांचा फेर. मग जोडप्यांची. मग जेवण. जेवणानंतर तरुणांना त्यांचा अर्धा तास मोकळा द्यावा, शब्दांची चाळणी तीच ठेवून. आणि शेवटचं गाणं असं, ज्याला सगळ्यांनी परत यायचं. फर्माईश करायची तर ती एकाच माणसाकडे, थेट डीजेकडे नाही. तो माणूस घरातला आणि शांत डोक्याचा असावा. दारू प्यायलेल्या पाहुण्याला ‘बघतो हं’ म्हणून परतवण्याचं काम त्याचं.

हक्कांचाही एक मुद्दा. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये धार्मिक विधीसाठी ध्वनिमुद्रित गाणी वाजवायला सूट आहे आणि त्यात लग्नाची वरात व लग्नाशी जोडलेले समारंभ येतात, असं कायदाच सांगतो. वाढदिवस, कंपनीची पार्टी, नववर्षाचा सोहळा यांना ती लागू धरू नये. अशा वेळी परवान्याचं काय, ते हॉलवाल्याला आधी विचारावं. डीजेला मात्र गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवायला सांगावं. हॉलमध्ये रेंज जाते आणि मग जे हाताशी असेल ते लागतं.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. चार घटका मजा, त्यातही नियम? पण मजा कुणाची, हा प्रश्न उरतोच. नवरीची आई वर्षभर राबलेली असते. तिला लेकीच्या हळदीत मनसोक्त नाचायचं असतं आणि ती नाचत नाही, कारण लागलेलं गाणं तिला लाज आणतं किंवा तिचं डोकं उठवतं. चौदा वर्षांची मुलगी बाजूला उभी राहते, कारण त्या गाण्यावर नाचलं तर कोण कसं बघेल हे तिला कळू लागलेलं असतं. आजोबा घरी जातात. या तिघांना फेरात धरून ठेवतील अशी गाणी आपल्या भाषेत, आपल्या प्रांतात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलीत शेकड्यांनी आहेत. ती शोधायला लागतो एक अर्धा तास, एक कागद आणि घरातल्या मोठ्या-लहानांना विचारण्याची तयारी. या लग्नसराईत आपल्या घरी कार्य असेल तर पत्रिका छापायला टाकाल त्याच दिवशी हा कागदही काढा. पहिलं गाणं कुठलं, ते घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला विचारा आणि शेवटचं सर्वांत लहानाला. मधली गाणी ठरवायला मग फारशी भांडणं होत नाहीत.